लेखांक ७ : पाचशे क्रमांकाची त्रुटी

स्वतःच्या संगणकावर बिनतक्रार चालणारे वेब-ॲप्लिकेशन सामायिक होस्टिंगवर, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेक ग्राहकांची संकेतस्थळे नांदतात अशा व्यवस्थेत, चढवल्यावर पुष्कळदा ‘५०० इंटर्नल सर्व्हर एरर’ एवढाच संदेश दाखवून थांबते. हा मोघमपणा हेतुपुरस्सर आहे; कारण फाइलींचे मार्ग किंवा डेटाबेसचे नाव परक्या ब्राउझरला दिसणे धोक्याचे असते. खरे कारण एरर लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हर प्रत्येक बिघाड वेळेसह टिपून ठेवतो त्या फाइलीत, लिहिलेले असते आणि ते वाचण्यापूर्वी कोणत्याही फाइलीत फेरफार करणे म्हणजे निव्वळ अंदाजाने चाचपडणे होय. सीपॅनेल या होस्टिंग-नियंत्रण फलकात अपाचे या वेब-सर्व्हरच्या अलीकडच्या नोंदी ‘एरर्स’ या विभागात दिसतात; लारावेलसारख्या फ्रेमवर्कचा स्वतःचा लॉग मात्र त्याच्या ‘स्टोरेज’ फोल्डरात असतो.

समजा, लॉगमध्ये ‘इनव्हॅलिड कमांड पीएचपी_व्हॅल्यू’ अशी ओळ आढळली. फोल्डरापुरत्या सूचना अपाचेला देणाऱ्या ‘.एचटीअ‍ॅक्सेस’ फाइलीत स्मृतिमर्यादा वाढवण्यासाठी लिहिलेली ही आज्ञा पीएचपी अपाचेचा अंगभूत भाग म्हणून चालत असेल तरच कळते. सामायिक होस्टिंगवर पीएचपी बहुधा स्वतंत्र प्रक्रिया म्हणून चालत असल्याने अपाचेला ती अनोळखी वाटते आणि त्या एका ओळीपायी संपूर्ण संकेतस्थळ बंद पडते. ती ओळ काढून मर्यादा ‘.यूझर.आयएनआय’ फाइलीत लिहिली की प्रश्न सुटतो.

त्याहून घातक सवय म्हणजे काहीही बिघडले की फोल्डरांना ७७७ परवानगी देणे. यातील तीन अंक अनुक्रमे मालक, गट आणि इतर यांचे अधिकार दाखवतात. वाचनाचे ४, लेखनाचे २ आणि चालवण्याचा १ मिळून ७ होतात. ही सवय पीएचपी सर्वांच्या समाईक खात्याने चालत असे त्या काळातली आहे. आता ती बहुतेक ठिकाणी ग्राहकाच्याच खात्याने चालते. त्यामुळे फोल्डरांना ७५५ आणि फाइलींना ६४४ पुरते. उलट ‘सुएक्सेक’सारखी सुरक्षा-यंत्रणा कोणालाही बदलता येईल अशी स्क्रिप्ट चालवण्यासच नकार देते, म्हणजे ज्या उपायाने त्रुटी जावी त्यानेच ती उद्भवते.

पीएचपीची आवृत्ती जुळत नसल्यास लॉग ते बहुधा स्पष्टच सांगतो. विंडोजवर तयार झालेल्या ॲप्लिकेशनात फाइलींच्या नावांतील लहान-मोठी रोमन अक्षरे तपासावीत, कारण लिनक्स त्यांना वेगळी मानते. क्लाउडलिनक्स या सामायिक होस्टिंगसाठीच्या लिनक्स-प्रणालीवर दिसणारा ५०८ हा क्रमांक मात्र निराळा. तो खात्याला ठरवून दिलेली संसाधनांची मर्यादा संपल्याचे दर्शवतो.

लॉगमध्ये काहीच आढळले नाही, तर होस्टिंग कंपनीच्या मदत-विभागाला पानाचा पत्ता आणि त्रुटीची अचूक वेळ कळवावी. सर्व्हरचे घड्याळ यूटीसीवर असेल, तर भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करून ती द्यावी, म्हणजे त्यांना मुख्य लॉगमधील नेमकी ओळ शोधता येते.