पागोट्याला हात

कंदाहार म्हटले की मराठी माणसाला पानिपत आठवते. १७६१ साली आपली एक पिढी कापून काढणाऱ्या अहमदशहा अब्दालीची कबर त्याच शहरात आहे. मला मात्र त्या नावासरशी आठवतो तो एक साधा हिशेबनीस. त्याचे नाव गुलाम हैदर हमिदी.

हे गृहस्थ मूळचे कंदाहारचेच. देशातल्या धामधुमीत परागंदा झाले आणि अमेरिकेत व्हर्जिनियात हिशेब लिहून त्यांनी संसार केला. साठी उलटल्यावर माणूस नातवंडे खेळवतो. हे २००७ साली परत जाऊन कंदाहारचे नगराध्यक्ष झाले! काम तेच, आपल्याकडे असते ते: रस्ते, कर, अतिक्रमणे. पण तिथे त्या खुर्चीवर बसणे म्हणजे मरणाशी मांडी घालून बसणे. २०१० च्या एप्रिलात त्यांच्या एका उपनगराध्यक्षाला मशिदीत नमाज पढताना गोळ्या घातल्या. ऑक्टोबरात दुसरा गेला. पुढच्या एप्रिलात शहराचा पोलीसप्रमुख. हमिदी कचेरीत येतच राहिले.

माझे वडील तालुक्याच्या गावी नगरपालिकेत कारकून होते. ओटा पाडला म्हणून लोक शिव्या देत यायचे. वडील त्यांना बाकावर बसवीत, पाणी देत आणि म्हणत, "आधी बसा, मग भांडा." मी एकदा विचारले, "तुम्हांला भीती नाही वाटत?" ते म्हणाले, "अरे, भांडायला येतो तोवर त्याचा आपल्यावर विश्वास आहे."

२७ जुलै २०११ रोजी हमिदींकडेही लोक असेच भांडायला आले होते. बेकायदा घरे पाडताना दोन मुले दगावली, अशी त्यांची तक्रार होती. तक्रार लहान नव्हती. नगराध्यक्ष आवारात उभे राहून बोलत होते. तेवढ्यात एकजण जवळ आला. त्याच्या पागोट्यात स्फोटके होती. हमिदी तिथेच गेले. तालिबानने जबाबदारी घेतली.

दुसऱ्याच्या पागोट्याला हात घालणे म्हणजे अब्रूला हात घालणे, हे आपल्याला सांगायला नको. पठाणी मुलखातही तसेच. मारेकऱ्याने नेमका त्या सभ्यतेचाच आडोसा घेतला. अशा स्फोटाने अधिकारी मरतो, ते तर दिसतेच. न दिसणारे मरण पुढचे असते. उद्यापासून दारावरचा शिपाई प्रत्येकाचे पागोटे चाचपतो, मग दार निम्मेच उघडते, मग अर्ज खिडकीतून घेतात. ज्यांची मुले गेली त्या माणसांचे म्हणणे त्या दिवशी अर्धेच राहिले, याचा हिशेब कोण मांडणार?

हमिदींची मुलगी रंगीना पुढे काबूलमध्ये शिक्षणमंत्री झाली. २०२१ च्या ऑगस्टात तालिबान आले आणि तिलाही देश सोडावा लागला.

वडिलांच्या कचेरीतला तो बाक मला अजून दिसतो. लाकडाचा, एक पाय लंगडा. त्या बाकावर रागावलेला माणूस आणि भ्यालेला कारकून शेजारी बसू शकतात, तोवर गाव गाव असते.