का बरं? : पाण्यातला पतंग

पतंग उडवणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा, पतंगाला दोरा बांधायची कण्णी चुकली की काय होतं? पतंग गोते खातो. नेमकी बसली, तर वारा तिरक्या कागदावर आदळून पतंगाला वर ढकलतो.

आता पाण्याकडे वळू. आपल्या धरणांत मासेमारी मुख्यतः जाळ्यांची. उत्तर अमेरिकेतल्या विशाल सरोवरांवर मात्र छोट्या होडीमागे एकाच वेळी अनेक गळ ओढतात. तंगूसाच्या इतक्या दोऱ्या एकमेकींत गुंतत कशा नाहीत?

तिथेही युक्ती कण्णीचीच! होडीच्या दोन्ही बाजूंना दोरीने एकेक फळी ओढतात. दोरीची गाठ अशा जागी, की फळी तिरकीच राहावी. होडी पुढे गेली की पाणी फळीवर आदळतं आणि तिला बाहेर रेटतं. पतंग वर चढतो, फळी बाजूला पळते. मग या ताणलेल्या दोरीवर अंतराअंतराने चिमटे, आणि प्रत्येक चिमट्यात एका गळाची दोरी. मासा लागला की हिसक्याने चिमटा सुटतो आणि दोरी मोकळी होते. किती साधी, किती सुंदर युक्ती!

खरी परीक्षा वळणावर. आतल्या बाजूच्या दोऱ्या मंदावतात, त्यांचे वजनदार गळ खाली बुडतात. बाहेरच्या वेग घेतात, त्यांचे गळ वर येतात. म्हणून होडी नेहमी मोठ्या घेरात वळवतात.