शेततळ्याच्या काठावर बहुपदीची कोटी

धाराशिव जिल्ह्यात भूम, परंडा, कळंब, तुळजापूर, कुठल्याही तालुक्यात शिवारातून चक्कर मारा, तारेच्या कुंपणातलं शेततळं दिसतंच. नववीच्या गणितातली ‘बहुपदीची कोटी’ त्याच्या काठावर उभं राहून छान समजते.

तळं चौरस आहे, वरची बाजू क्ष मीटर आणि खोली ३ मीटर, असं धरू. बाजू बदलली तरी खोली ३ च राहते. क्ष चा इथे पत्ताच नाही, म्हणून ही स्थिर बहुपदी, कोटी ०. काठाने कुंपण लागेल ४क्ष मीटर. क्ष चा घातांक १, म्हणून कोटी १. ही रेषीय बहुपदी. पाण्याचा वरचा पसारा क्ष² चौरस मीटर. कोटी २, ही वर्ग बहुपदी.

आता पाणी मोजू. उभ्या भिंती ढासळतात, म्हणून तळं उतार ठेवून खोदतात. उतार १:१ असेल, तर एक मीटर खाली गेल्यावर प्रत्येक बाजूने एक मीटर आत येतो. म्हणजे तळाची बाजू उरते क्ष − ६. वरचं क्षेत्रफळ, तळाचं क्षेत्रफळ आणि दोन्ही बाजूंचा गुणाकार यांची बेरीज करायची आणि तिला खोलीच्या तिसऱ्या हिश्शाने, म्हणजे इथे १ ने, गुणायचं:

क्ष² + (क्ष − ६)² + क्ष(क्ष − ६) = ३क्ष² − १८क्ष + ३६

पदं तीन आहेत, म्हणून ही त्रिपदी. पण मुलं नेमकी इथेच चुकतात: पदं मोजून कोटी ३ सांगतात. कोटी पदांच्या संख्येवरून ठरत नाही, सर्वांत मोठ्या घातांकावरून ठरते. तो इथे २ आहे, म्हणून ही वर्ग बहुपदीच.

कोटीचा उपयोग काय? २०१६ साली सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत १५ × १५ × ३ आणि ३० × ३० × ३ मीटर अशी मापं होती. बाजू दुप्पट झाली की कुंपण ६० वरून १२० मीटर, म्हणजे दुप्पट. पसारा २२५ वरून ९०० चौरस मीटर, म्हणजे चौपट. पाणी ४४१ वरून २१९६ घनमीटर, जवळपास पाचपट! चौपटीहून जास्त का? लहान तळ्यात उताराचं − १८क्ष हे पद पाणी बरंच खातं. बाजू ६० मीटर केली, तर पाणी ९७५६ घनमीटर, म्हणजे सुमारे ४.४ पट. तळं जितकं मोठं, तितका हा आकडा चारच्या जवळ सरकतो. मोठ्या घातांकाचं पद बाकीच्यांना मागे टाकतं.

खोलीही क्ष इतकीच असलेला उभ्या भिंतींचा हौद घेतला, तर पाणी क्ष³. ही घन बहुपदी, कोटी ३; बाजू दुप्पट केली की पाणी आठपट.

एकट्या शून्याला मात्र कोटी नाही. ० म्हणजे ०क्ष, ०क्ष² किंवा ०क्ष⁹, काहीही लिहिता येतं. मग त्यातला कुठला घातांक मोठा मानायचा?

म्हणून बहुपदी समोर आली की आधी सर्वांत मोठा घातांक शोधा. बाजू वाढवली तर तार किती जास्त लागेल आणि पाणी किती जास्त साठेल, याचा पहिला अंदाज तोच देतो.