अंगणातील फुले आणि त्यांतील विष

गणेश चतुर्थीच्या पूजेसाठी ज्या एकवीस पत्री गोळा केल्या जातात, त्यांत धोतरा, कण्हेर आणि रुई या तिन्हींची पाने असतात. महाशिवरात्रीला आपल्या माळव्यात धोतऱ्याची काटेरी फळे आणि रुईची, म्हणजे येथील बोलीतल्या आकड्याची, फुले बाजारात ढिगाने येतात. ही झाडे विषारी आहेत हे आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हते, असे मुळीच नाही. अमरकोशात कण्हेरीला ‘हयमारक’, अर्थात घोड्याला मारणारी, असे नाव दिलेले आढळते. ज्या घरात झाडाचे नाव ठाऊक असे, त्या घरात त्याचा स्वभावही ठाऊक असे. आज रोपवाटिकेतून आणलेल्या कुंडीवर बहुधा नावही नसते आणि सूचनाही नसते. विषबाधेच्या प्रसंगी नावाचे हे अज्ञान किती महाग पडू शकते, ते एका अनुभवावरून सांगतो.

माझ्या उमेदवारीच्या काळातील ही गोष्ट. एका संध्याकाळी पाच वर्षांच्या मुलाला उलट्या होतात म्हणून रुग्णालयात आणले गेले. घरी सणाचे जेवण झाले होते, त्यामुळे अपचन झाले असावे, असे आईवडिलांना वाटत होते आणि आम्हालाही तसेच वाटले. सोबत आलेली आजी मात्र पुन्हा पुन्हा म्हणत होती, “अहो, त्याने बिट्टी फोडून खाल्ली आहे.” ड्यूटीवरील हिंदीभाषक डॉक्टरांना ‘बिट्टी’ हा शब्द समजेना आणि मीही शहरात वाढलेला असल्यामुळे त्याचा बोध मला झाला नाही. अर्ध्या-पाऊण तासाने आजीने पदराच्या गाठीतून ते कठीण कवचाचे तपकिरी बी काढून टेबलावर ठेवले, तेव्हा तेथील जुन्या परिचारिकेने पाहताक्षणीच सांगितले, “ही तर पीली कनेर.” नाडी मोजली तर ती वयाच्या मानाने फारच मंद होती, आणि हृदयालेखात वरच्या कप्प्याकडून खालच्या कप्प्याकडे जाणारा विद्युत्संदेश अडखळत असल्याचे स्पष्ट दिसले. उपचार मिळाले आणि मूल वाचले. मात्र जो वेळ वाया गेला, तो झाडाचे एक नाव दोन भाषांच्या मधोमध हरवल्यामुळे गेला, ही रुखरुख मनात कायम राहिली.

कण्हेर आणि बिट्टी

तांबडी किंवा पांढरी कण्हेर आणि पिवळ्या घंटेसारख्या फुलांची बिट्टी या एकाच कुळातील दोन निरनिराळ्या वनस्पती आहेत. बिट्टी मूळची मेक्सिको व मध्य अमेरिकेकडील; परंतु आता ती भारतभर कुंपणाकुंपणाला दिसते. गुरेढोरे तोंड लावत नाहीत आणि पाणी फारसे लागत नाही, म्हणून महामार्गांच्या दुभाजकांवर कण्हेर मुद्दाम लावतात. दोन्ही झाडांच्या सर्व भागांत हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइड द्रव्ये असतात. बिट्टीच्या बियांतील गरात त्यांचे प्रमाण सर्वाधिक असते. पाने वाळली तरी विष नाहीसे होत नाही. म्हणून छाटलेल्या फांद्यांचा ढीग गाई-बकऱ्यांच्या वाटेत टाकणे धोक्याचे आहे आणि त्या जाळून धूर करणेही योग्य नाही.

ही द्रव्ये डिजॉक्सिनची सख्खी भावंडे होत. पेशीच्या आवरणावर सोडियम बाहेर टाकून पोटॅशियम आत घेणारा जो पंप असतो, त्यालाच ती बंद पाडतात. परिणामी हृदयाच्या पेशींत कॅल्शियम साचते, रक्तातील पोटॅशियम वाढते, नाडी मंदावते आणि ठोक्यांची लय बिघडते. आरंभी मळमळ, उलटी व पोटदुखी एवढीच लक्षणे असल्यामुळे फसगत होते. मूल सुरुवातीला बरे दिसले तरी किमान चोवीस तास हृदयालेखावर लक्ष ठेवणे आवश्यक असते. डिजॉक्सिनची रक्तचाचणी या विषाची चाहूल देऊ शकते. परंतु आकडा कमी आला म्हणून धोका कमी, असा निष्कर्ष काढता येत नाही.

बिट्टीच्या विषबाधेविषयी आज जे ज्ञान उपलब्ध आहे, त्यातील बरेचसे श्रीलंकेतून आलेले आहे. तेथे १९८० नंतरच्या काळात आत्मघातासाठी या बियांचा वापर दुर्दैवाने फार वाढला. डिजॉक्सिनविरोधी प्रतिपिंडांमुळे हृदयाची लय लवकर सुधारते, हे तेथील चाचणीत सिद्ध झाले आणि २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु हे औषध अतिशय महाग असून आपल्याकडे सहज मिळत नाही. त्यामुळे अ‍ॅट्रोपीन, तात्पुरता पेसमेकर आणि अखंड देखरेख यांवरच आपली भिस्त असते. वैद्यकीय कोळशाच्या वारंवार मात्रांविषयी तेथील २००३ आणि २००८ च्या मोठ्या चाचण्यांनी परस्परविरुद्ध निष्कर्ष दिले. म्हणून कोळशावर विसंबून निर्धास्त राहू नये.

कळलावी, धोतरा आणि रुई

पावसाळ्यात ज्वाळेसारखी लाल-पिवळी फुले देणारी कळलावी, हिंदीत कलिहारी, ही आपल्याच मातीतली वेल आहे. तिच्या कंदात व बियांत कोल्चिसीन असते. हेच द्रव्य अल्प मात्रेत संधिवाताच्या एका प्रकारावर, गाऊटवर, औषध म्हणून दिले जाते. हिचा कंद रताळ्यासारखा दिसत असल्याने चूक होते. काही तासांनी कॉलऱ्यासारखे जुलाब-उलट्या सुरू होतात. पुढे दोन-तीन दिवसांत अनेक अवयव निकामी होऊ लागतात आणि अस्थिमज्जेचे कार्य थंडावते. जुलाब थांबले म्हणजे संकट टळले, असे येथे कधीही मानू नये.

धोतरा, आणि बंगल्यांच्या बागांत लावला जाणारा, फुले खाली लोंबणारा त्याचा देखणा नातलग ब्रुगमॅन्सिया, या दोहोंत अ‍ॅट्रोपीन व स्कोपोलामीन असते. तोंडाला कोरड, तापलेली लालसर त्वचा, विस्फारलेल्या बाहुल्या, तुंबलेली लघवी आणि असंबद्ध बडबड असे चित्र दिसले, तर मेंदूज्वराचा विचार करीत असतानाच ‘पूजेची पत्री कोठे ठेवली होती?’ हा प्रश्नही विचारावा. रुईचा चीक डोळ्यांत गेल्यास पुष्कळदा वेदना फारशी होत नाही, केवळ अंधुक दिसू लागते. आणि दुखत नाही म्हणूनच दुर्लक्ष होते. अशा वेळी डोळा भरपूर पाण्याने बराच वेळ धुवावा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.

दिवाणखान्यातील कुंड्या

पांढरे ठिपके असलेल्या मोठ्या पानांचा डिफेनबाकिया, मनीप्लांट, कॅलेडियम ही सारी अळूची भावंडे. अळूच्या फतफद्यात आपण चिंच का घालतो, ते प्रत्येक गृहिणी जाणते. कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक जिभेत व घशात रुततात, म्हणून खवखवते. रांगत्या बाळाने डिफेनबाकियाचे पान चावल्यास जीभ व ओठ सुजतात आणि लाळ गळू लागते. तोंडातील तुकडे काढून, तोंड पुसून गार पाणी किंवा दूध द्यावे. बहुतेक मुले एवढ्याने सावरतात. मात्र श्वास घेताना आवाज येऊ लागला किंवा गिळणे अशक्य झाले, तर क्षणाचाही विलंब करू नये.

मुके सोबती

मांजर पाळणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. पुष्पगुच्छांत येणारी मोठ्या सुगंधी फुलांची खरी लिली मांजराच्या मूत्रपिंडांचा एक ते तीन दिवसांत नाश करू शकते. त्यासाठी फूल खाल्लेच पाहिजे असे नाही. अंगावर पडलेले पराग चाटणे किंवा फुलदाणीतील पाणी पिणे एवढेही पुरते. लक्षणे दिसण्याची वाट न पाहता पशुवैद्यांकडे नेल्यास मांजर वाचू शकते. याच लिलीने कुत्र्याला सहसा पोटाच्या तक्रारीपलीकडे काही होत नाही. उलट सागो पाम, विशेषतः त्याच्या बिया, कुत्र्याचे यकृत निकामी करतात. कुंपणावरील घाणेरीचा पाला खाल्लेल्या गाई-म्हशींना कावीळ होते आणि उन्हाने त्यांची कातडी भाजल्यासारखी सोलवटते.

प्रसंग आलाच तर

तोंडातील उरलेला भाग काढावा आणि चूळ भरायला लावावी. घशात बोटे घालून किंवा मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. मिठाच्या पाण्याने लहान मुलांच्या जिवावर बेतू शकते. काय खाल्ले, किती खाल्ले आणि केव्हा खाल्ले, हे कागदावर लिहावे. त्या झाडाची पाने, फूल, फळ असलेली फांदी पिशवीत घालून सोबत न्यावी. लक्षणे नसली तरी कण्हेर, बिट्टी, कळलावी, तसेच फोडलेली किंवा चावलेली गुंज वा एरंडाची बी पोटात गेल्याची शंका येताच रुग्णालय गाठावे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र आहे; त्याचा दूरध्वनी क्रमांक प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर ठळकपणे लावलेला असावा.

हे सर्व वाचून कोणी कुऱ्हाड हाती घेऊ नये. जास्वंद, मोगरा, गुलाब, जाई अशी निर्धोक फुले आपल्याकडे विपुल आहेत. घरात लहान मूल असेपर्यंत अंगणात ती लावावीत. कण्हेर आणि बिट्टी मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर, कुंपणापलीकडे असू द्यावी आणि खाली पडलेली फळे रोज वेचून टाकावीत. पूजेची पत्री उंचावर ठेवावी आणि निर्माल्य मुलांच्या हाताशी ठेवू नये. घरच्या प्रत्येक झाडाचे नाव मराठीत, हिंदीत आणि जमल्यास शास्त्रीय परिभाषेत एका वहीत लिहून ठेवावे. आजीला बिट्टी म्हणून ठाऊक असलेले झाड माळ्याला कनेर म्हणून आणि डॉक्टरांना थिवेशिया म्हणून माहीत असते. ही तीन नावे एका ओळीत लिहिलेली असतील, तर एखाद्या संध्याकाळी तो अर्धा-पाऊण तास वाचेल. आणि आम्हा डॉक्टरांनीही एवढे करावे की, पदराची गाठ सोडणाऱ्या आजीचे म्हणणे आधी ऐकून घ्यावे.