घरचें यंत्र आणि परक्याचा निरोप्या

‘घर पाहावें बांधून’ ही म्हण ज्या काळीं रूढ झाली त्या काळीं संगणक नव्हता; असता तर तोहि त्या म्हणींत शिरला असता. पाचोऱ्यासारख्या तालुक्याच्या गांवीं पुष्कळ घरीं जो संगणक दिसतो, तो कोणा एका कंपनीच्या कारखान्यांतून आयता आलेला नसतो. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, पेटी असे सुटे भाग जळगांवच्या किंवा मुंबईच्या दुकानांतून आणावयाचे आणि घरच्या तरुणानें किंवा गांवांतील एखाद्या जाणत्या कारागिरानें ते जुळवावयाचे. अशा यंत्रास बोलण्यांत ‘असेंबल्ड’ म्हणतात. त्यांत पैसा वांचतो हें तर खरेंच. पण त्याहून मोठा लाभ असा कीं, खान्देशच्या उन्हाळ्यानें किंवा विजेच्या लपंडावानें एखादा भाग निकामी झाला तर तेवढाच बदलतां येतो, सगळें यंत्र टाकून द्यावें लागत नाहीं. शिवाय आपल्या हातानें जुळविलेल्या यंत्राचें कौतुक निराळेंच असतें. तें सर्वस्वीं आपलें आहे, असें घरच्यांस वाटतें. तें वाटणें कोठवर खरें आहे, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

हा विचार करण्याची पाळी येते ती निरोपाच्या निमित्तानें. आज अशा घरांतील मुलेंमुली शिक्षणासाठीं व नोकरीसाठीं पुण्यास, बंगळुरास, कित्येकदां अमेरिकेंत असतात. घरीं उरतात तीं दोन वृद्ध माणसें आणि त्यांचा हा संगणक. दूरदेशीं गेलेल्या मुलाच्या हातीं पुष्कळदां आयफोन असतो; त्याच्या घरच्यांचें व मित्रमंडळींचें बोलणें ‘आयमेसेज’ व ‘फेसटाइम’ या सेवांवरून चालतें. पहिलीवरून लेखी निरोप व छायाचित्रें जातात, दुसरीवरून एकमेकांचीं तोंडें पाहत बोलतां येतें. या दोन्ही सेवा ॲपल कंपनीच्या असून त्यांचा पुरा लाभ त्याच कंपनीच्या यंत्रांवर मिळतो. मग दिवाळीस घरीं आलेला चिरंजीव म्हणतो, “बाबा, महागडें यंत्र कशाला घ्यावयाचें? आपल्याच संगणकावर मॅकची प्रणाली बसवून देतों.” दोन दिवस खटपट होते. पडद्यावर मॅकचें रूप उमटतें, आवाज येतो, इंटरनेट चालतें. फक्त ज्यासाठीं हा सारा खटाटोप केला, तो निरोप मात्र जात नाहीं!

हें कोडें उलगडण्यासाठीं थोडा मागचा इतिहास पाहिला पाहिजे. संगणकाचा सर्व कारभार पाहणारी जी मूळ आज्ञावली, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. तिलाच आपण येथें प्रणाली म्हणूं. ॲपलच्या मॅक संगणकांचा प्रोसेसर पूर्वीं निराळ्या जातीचा असे. २००६ सालापासून कंपनीनें इतर संगणकांत असतो तोच इंटेलचा प्रोसेसर आपल्या यंत्रांत घालण्यास आरंभ केला, आणि मॅकची प्रणाली साध्या संगणकावर चालविण्याची वाट हौशी लोकांस सांपडली. अशा यंत्रास त्यांनीं ‘हॅकिन्टॉश’ असें नांव दिलें. संगणक सुरू होतांना प्रथम एक लहानशी आज्ञावली जागी होते, आणि आपण खऱ्या मॅकवरच आहोंत असें ती मुख्य प्रणालीस भासविते. पूर्वीं या कामीं ‘क्लोव्हर’ नांवाची आज्ञावली फार चाले; २०१९ पासून ‘ओपनकोर’ पुढें आली. कंपनीस मात्र हें मान्य नाहीं. ही प्रणाली केवळ ॲपलच्याच यंत्रावर बसवावी, असें तिच्या करारपत्रांत स्पष्ट कलम आहे. फ्लॉरिडांतील ‘सायस्टार’ नांवाच्या कंपनीनें २००८ सालीं अशीं यंत्रें उघड विकण्यास काढलीं, तेव्हां ॲपलनें तिजवर फिर्याद केली आणि २००९ सालीं अमेरिकेंतील न्यायालयानें त्या विक्रीस कायमची मनाई केली. तेव्हां असल्या यंत्रास कंपनीकडून कसलेंहि साहाय्य मिळावयाचें नाहीं, हें धरूनच चालावें लागतें.

आतां निरोप कां अडतो तें पाहूं. टपालाची पेटी पत्र टाकणाराचें नांव विचारीत नाहीं; पाकिटावर तिकीट असलें कीं झालें. आयमेसेजची रीत निराळी आहे. पहिला निरोप जाण्यापूर्वीं आपलें यंत्र कंपनीच्या दूरच्या संगणकांकडे आपली नोंद करूं पाहतें, आणि तेथें दोन गोष्टी पाहिल्या जातात: माणूस कोण, आणि यंत्र कोणतें. माणसाची ओळख खात्याचें नांव व पासवर्ड यांनीं पटते. यंत्राची ओळख मात्र त्याच्या अंगावरील क्रमांकांनीं पटावी लागते. खऱ्या मॅकला यंत्राचा प्रकार, त्याचा सिरियल नंबर, मदरबोर्डाचा स्वतंत्र क्रमांक आणि नेटवर्क कार्डाचा पत्ता या सर्व खुणा कारखान्यांतच मिळतात, व त्या परस्परांशीं जुळतात. घरीं जुळविलेल्या यंत्रास असें जन्मनांवच नसतें. तें ओपनकोरच्या यादींत आपल्या हातानें लिहून द्यावें लागतें.

ही खटपट करणारे लोक ज्या क्रमानें जातात, तो समजून घेण्यासारखा आहे. पहिली गोष्ट, नेटवर्क कार्ड हें यंत्राचें अंगभूत म्हणून आणि पहिल्या क्रमांकावर ओळखलें गेलें पाहिजे. दुसरी, वर सांगितलेल्या खुणा एकाच प्रकारच्या मॅकला शोभतील अशा असल्या पाहिजेत. नांव एकाचें आणि क्रमांक दुसऱ्याचा, असें चालत नाहीं. तिसरी, यंत्र बंद करून पुन्हां सुरू केलें तरी त्या खुणा त्याच राहिल्या पाहिजेत. त्यासाठीं मदरबोर्डावरील एका लहानशा स्मृतींत केलेली नोंद टिकते कीं नाहीं, हें तपासावें लागतें. जो प्रत्येक भेटींत नवें नांव सांगतो, त्यावर द्वारपालानें विश्वास कसा ठेवावा? चौथी गोष्ट अशी कीं, या तीन गोष्टी पुऱ्या झाल्यावांचून खात्यांत शिरण्याचा प्रयत्नच करूं नये. चुकीच्या खुणांनीं वारंवार दार ठोठावलें म्हणजे पलीकडे संशय उत्पन्न होतो, आणि यंत्राबरोबर खातेंहि अडवून ठेवलें जाण्याचा संभव असतो. मग पडद्यावर एक संकेतांक दिसतो, आणि तो कंपनीच्या साहाय्यकांस दूरध्वनीवरून सांगण्याची पाळी येते.

ही सारी परीक्षा कशाची आहे, तें एका उदाहरणानें चांगलें कळतें. ॲपलचेंच, परंतु जुनें झाल्यामुळें कंपनीनें नव्या प्रणालीच्या यादींतून वगळलेलें यंत्र घेतलें, आणि ‘ओपनकोर लेगसी पॅचर’ या साधनानें त्यावर नवी प्रणाली चढविली, तर निरोपाची सेवा सहसा विनासायास चालते. कंपनीची संमति तेथेंहि नसतेच. पण क्रमांक खरा असतो. उलट घरीं जुळविलेलें यंत्र त्या जुन्या मॅकहून कितीहि वेगवान असलें तरी तें दाराबाहेर राहतें. म्हणजे परीक्षा होते ती सामर्थ्याची नव्हे, कुळाची होते. मुलाचें शिक्षण व शील न पाहतां केवळ गोत्र विचारून बोलणी संपवावीं, तशांतला हा प्रकार आहे.

यांतून नीतीचा एक प्रश्न निघतो, तो सुशिक्षित घरांनीं टाळूं नये. असे क्रमांक बनवून देणारीं साधनें फुकट मिळतात. तीं जो क्रमांक देतात तो एखादे वेळीं जगांतील कोणाच्या तरी खऱ्या मॅकचा असूं शकतो. म्हणून कंपनीच्या हमी तपासण्याच्या पानावर तो पाहून, कोणाचाहि नाहीं अशी खात्री झाल्यावरच घ्यावा, असें या विषयांतले जाणते लोक बजावतात. दुसऱ्याचा क्रमांक उचलणें हें दुसऱ्याच्या नांवानें पंगतीस बसण्यासारखें आहे. खरा यजमान आला म्हणजे त्यालाच उठविलें जाण्याची भीति. पण कोणाचाच नसलेला क्रमांक घेतला म्हणजे सगळा दोष फिटला, असेंहि आम्हांस वाटत नाहीं. यंत्र आपलें, श्रम आपले, परंतु सांगितलेलें नांव खोटें, ही गोष्ट राहतेच. जिज्ञासु तरुणानें हें शास्त्र समजून घ्यावें, त्यांत शिकण्यासारखें पुष्कळ आहे. करारभंगाचा भार उचलावा कीं नाहीं, तें त्याचें त्यानें ठरवावें. मात्र वृद्ध आईबापांचा मुलाशीं बोलण्याचा एकुलता एक मार्ग या खोट्या नांवावर उभा करणें, हें शहाणपणाचें नव्हे.

कारण असें यंत्र चालतें तोंवर चालतें. एखाद्या रात्रीं प्रणालीची नवी सुधारणा आपोआप येते आणि सकाळीं संगणक उठत नाहीं, किंवा उठतो पण निरोप घेत नाहीं. तें बसविणारा मुलगा सातासमुद्रांपलीकडे. आईचें पथ्यपाणी, वडिलांचे तपासणीचे कागद, नातीचें पहिलें बोलणें, हें सर्व ज्या वाटेनें येतें-जातें तीच बंद! अशा वेळीं पाचोऱ्यांत विचारावें कोणाला? ॲपलचें स्वतःचें दुकान मुंबईस २०२३ सालीं आणि पुण्यास २०२५ सालीं उघडलें. पण तेथें हें यंत्र घेऊन जावें तरी कोणत्या तोंडानें? आणि खातेंच अडलें, तर त्याशीं बांधलेलीं छायाचित्रें व कागदपत्रेंहि अडकून पडण्याची धास्ती असते.

कुलूप किती सहज बदलतां येतें, हें डिसेंबर २०२३ मध्यें सर्व जगानें पाहिलें. अँड्रॉइड फोनवरून थेट आयमेसेज पाठविण्याची सोय ‘बीपर मिनी’ या नांवानें बाहेर आली. तिच्या मुळाशीं एका शाळकरी मुलानें लावलेला छडा होता. थोड्याच दिवसांत ॲपलनें ती वाट बुजविली. त्या मंडळींनीं नवी काढली, तीहि बंद झाली, आणि महिना संपण्यापूर्वीं त्यांनीं हा झगडा सोडून दिला. आपल्या ग्राहकांच्या सुरक्षिततेसाठीं हें केलें, असें कंपनीचें म्हणणें. त्यांत मुळींच तथ्य नाहीं असें नाहीं. दार सताड उघडें टाकलें तर फसवे निरोप धाडणारेहि आंत शिरतात. पण त्याबरोबर प्रामाणिक माणूसहि बाहेर राहतो, हेंहि तितकेंच खरें.

निरोपाची सेवा अशीच असली पाहिजे, असा मात्र कांहीं सृष्टिनियम नाहीं. ई-मेल एका यंत्राकडून दुसऱ्याकडे कशी जावी याचे नियम १९८२ सालीं लेखी प्रसिद्ध झाले, आणि ते पाळणाऱ्या कोणत्याहि यंत्रानें धाडलेलें पत्र दुसऱ्या यंत्रास घेतां येऊं लागलें. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमनें आपल्या देशांत इंटरनेट सर्वांस खुलें केलें, तेव्हां पुष्कळांस प्रथम गोडी लागली ती या ई-मेलचीच. गूगलची ‘टॉक’ ही सेवा २००५ सालीं निघाली, तीहि आरंभीं अशाच खुल्या नियमांवर चाले. २०१३ पासून कंपनीनें तो मार्ग सोडण्यास सुरुवात केली. तारखात्याचेंच पाहा. १८८५ च्या कायद्यानें तारेचा मक्ता सरकारकडे होता. तरी खिडकीवर पैसे मोजणारास ‘तुमच्या घरीं कोणत्या कारखान्याचें सामान आहे’ असें कोणी विचारलें नाहीं. १५ जुलै २०१३ पासून ती तारहि बंद झाली. आज मक्ता खासगी कंपन्यांचा आहे, आणि खिडकीवरचे प्रश्न वाढले आहेत.

शिवाय ज्या वाटेबद्दल आपण बोलत आहोंत, ती वाटच आतां संपत आली आहे. ॲपलनें २०२० सालापासून स्वतःचे प्रोसेसर आपल्या यंत्रांत घालण्यास आरंभ केला, आणि २०२५ च्या जूनमध्यें ‘टाहो’ ही इंटेलच्या यंत्रांवर चालणारी शेवटची प्रणाली होय असें जाहीर केलें. इंटेलच्या सुट्या भागांचा संगणक जुळवून त्यावर पुढच्या प्रणाली बसविण्याची आशा त्याबरोबर मावळली. मॅकपुरतीच ही गोष्ट नाहीं. विंडोज १० चें नेहमींचें साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपलें, आणि विंडोज ११ जुन्या यंत्रांस घेत नाहीं; त्यामुळें ज्यांनीं मॅकचें नांवहि काढलें नव्हतें, त्यांचे संगणकहि याच पंक्तीस येऊन बसले आहेत.

मग घरच्यांनीं करावें काय? सुदैवानें उपाय सोपे आहेत. फेसटाइमवर बोलावयाचें असेल तर परदेशीं असलेल्या मुलानें आपल्या आयफोनवरून एक दुवा तयार करून पाठवावा. २०२१ पासून ही सोय आहे. विंडोजच्या संगणकावर किंवा अँड्रॉइड फोनवर क्रोम अथवा एजमध्यें तो उघडला कीं बोलणें सुरू होतें. त्यास ॲपलचें खातें लागत नाहीं, कीं खोटा क्रमांक लागत नाहीं. लेखी निरोपासाठीं व्हॉट्सअ‍ॅप वेब २०१५ पासून आहे. फोननें पडद्यावरील चौकोनी खूण टिपली कीं कोणत्याहि प्रणालीच्या ब्राउझरमध्यें तें चालतें. मात्र मूळ फोन चौदा दिवसांतून एकदां तरी वापरांत यावा लागतो. जुन्या यंत्रावर लिनक्स बसविलें तर टेलिग्राम व सिग्नल यांच्या लिनक्ससाठीं काढलेल्या अधिकृत आवृत्त्या मिळतात, आणि मराठींतून लिहितांहि उत्तम येतें. इतकें करूनहि आयमेसेजच हवें असेल, तर जुना कां होईना, पण खरा आयपॅड घ्यावा. घरच्यांची झोंप त्याच्या किंमतीहून मोलाची आहे.

एक गोष्ट मात्र सर्वांनींच करावी. निरोपाची एक वाट बंद पडली तर दुसरी कोणती, हें मुलानें परत जाण्यापूर्वीं आईबापांकडून दोनदां करवून घ्यावें, आणि त्याचा दूरध्वनि क्रमांक देशाच्या अंकांसह कागदावर ठळक लिहून संगणकाजवळ लावून ठेवावा. घरचें यंत्र आपलें असतें. निरोप्या मात्र परक्याचा असतो. परक्याशीं व्यवहार करतांना दुसरी सोय हाताशीं ठेवावी, हा जो नियम आपण उधारउसनवारींत पाळतों, तोच येथेंहि लागू आहे.