चुन्यात नीळ कशाला?

घर रंगवताना चुन्याच्या बादलीत थोडी नीळ कालवायची रीत माणदेशातल्या गावांना नवी नाही. मग भिंत निळी न होता पांढरीशुभ्र कशी दिसते? वाळलेल्या चुन्यात किंचित पिवळट झाक उरते. नीळ नेमका तो जादा पिवळा प्रकाश शोषते. परतणारा एकूण प्रकाश कणभर घटतो, पण त्यातला तोल साधतो आणि डोळ्याला भिंत शुभ्र वाटते.

निळा आणि पिवळा असे रंगचक्रात समोरासमोर येणारे रंग म्हणजे पूरक रंग. मिसळले की ते एकमेकांना मारतात, शेजारी ठेवले की उठाव देतात. पॅरिसच्या गोब्लँ या विणकामाच्या कारखान्यातली काळी लोकर फिकी दिसते, अशी तक्रार होती. रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल यांनी तपासलं, तर दोष काळ्या रंगात नव्हताच, शेजारच्या रंगांत होता. १८३९ साली त्यांनी यावर ग्रंथच लिहिला. आपलं काळं माणदेशी घोंगडं पांढऱ्या भिंतीपाशी ठेवा, ते गर्द दिसेल. तेच गडद निळ्या चादरीवर तपकिरी, मळकट वाटू लागेल.

सजावटकार साठ-तीस-दहा असं प्रमाण सांगतात: बहुतेक भाग फिका, थोडा मध्यम, अगदी थोडा ठसठशीत. वर चुना, खाली गेरूचा पट्टा, दाराला निळा रंग, हे जुनं घर मला त्याच हिशेबाचं वाटतं. लहान खिडक्यांच्या खोलीत गडद भिंत तर नकोच. ती आलेला उजेडही गिळते.

उजेडागणिक रंग वेगळा दिसतो, म्हणून रंगाचा मोठा डबा विकत घेण्याआधी भिंतीवर हातभर चौकोन रंगवा आणि तो सकाळी, भर दुपारी आणि रात्री दिव्याखाली पाहा.