चुलीपाशी पोहोचलेले आरोग्यज्ञान

दरिद्री वस्त्यांना आहाराचे ज्ञान द्यावयाचे म्हणजे भिंतीवर तक्ते लावावयाचे आणि पत्रके वाटावयाची, अशी आपल्या सुशिक्षितांची दृढ समजूत आहे. आणि ज्यांना ती पत्रके वाचता येत नाहीत त्यांची प्रकृती ढासळली, तर तिचे खापर त्यांच्याच अज्ञानावर फोडून आपण मोकळे होतो. जामखेडने ही समजूत खोटी ठरविली.

१९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य नगर जिल्ह्यातील त्या दुष्काळी मुलुखात आले, तेव्हा लोकांना औषधापेक्षा अन्नपाण्याची निकड अधिक होती, आणि तेथूनच त्यांनी कार्यास आरंभ केला. पुष्कळशी दुखणी चुलीपाशीच जन्म घेत होती. गरोदर स्त्रीने पोटभर खाल्ल्यास मूल मोठे होऊन बाळंतपण अडते, म्हणून तिने अर्धपोटी राहावे. प्रसूतीनंतरचा पिवळसर चीक बाधक, म्हणून पिळून टाकावा. हगवण लागलेल्या मुलाचे अन्नपाणी तोडावे, असे रिवाज आपल्या खेड्यापाड्यांतून चालत आले आहेत. त्यांस मूर्खपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. अडलेल्या बाळंतिणीचा मृत्यू जिने डोळ्यांनी पाहिला आणि जिच्यापासून दवाखाना कोसोगणती दूर, तिला लहान मूल हाच एक इलाज दिसला, यात नवल ते काय?

परंतु ही भीती दूर कोणी करावी? शिकलेल्या परिचारिकांचा प्रयोग गावांत रुजला नाही. तेव्हा आरोळ्यांनी गावानेच निवडलेल्या स्त्रिया घेतल्या, ज्यांतील कित्येक दलित होत्या आणि कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. या बायका नेमाने जामखेडला मुक्कामास येत, जातीचा विटाळ बाजूस सारून एका पंक्तीस जेवत, शिकत, आणि शिकलेले आपल्या गल्लीत नेत. शेजारणीचे बोलणे शेजारीण ऐकते, कारण तिचेही मूल त्याच मातीत खेळते. त्या सांगत, दुधाची ऐपत नसेल तर मुलासाठी भाकरी कुसकरून तीत मटकीची वा हुलग्याची आमटी घालावी. शेवग्याचा पाला फुकट मिळतो, तो रोजच्या जेवणात असावा, त्याने रातांधळेपणा टळतो. लहानग्याचे पोट इवलेसे, म्हणून त्याला मोठ्यांच्या दोन जेवणांवर न ठेवता थोडे थोडे पाच-सहा वेळा भरवावे. जुलाब झाल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा लहान सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजत राहावे आणि अंगावरचे दूध मुळीच थांबवू नये. या ज्ञानाला अक्षरांची गरज नाही. विश्वासाची मात्र आहे.

अर्थात, जेथे डाळ विकत घेण्यास दमडी नाही तेथे प्रथिनांचे व्याख्यान निष्फळच. म्हणून पाणी, शेती आणि स्त्रियांची मंडळे यांची तजवीजही त्याच कार्याचा भाग होती.

आरंभी त्या गावांत दर हजार जन्मांमागे १७६ अर्भके वर्षाच्या आत दगावत. नव्वदीच्या दशकात हा आकडा ३० च्या खाली आला. आज, २००५ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय आरोग्य योजनेतील आशाताई हेच काम गावोगाव करीत आहे. तुमच्या वाडीतील आशाताईला तिचे मानधन वेळेवर मिळते की नाही, एवढी चौकशी येत्या ग्रामसभेत अवश्य करा.